मुंबई ते न्यूयॉर्क: जाताना 16 तास, येताना 14 तास का?

(हातात पृथ्वीगोल आणि दोरा)

नमस्कार! मुलांकडे अमेरिकेला जाऊन आलेले आईबाबा हमखास विचारतात: जाताना सोळा तास लागले, मग येताना चौदाच कसे? शहरं तीच, अंतर तेच.

आधी अंतर बघू. भिंतीवरच्या नकाशात मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत पट्टी धरून रेघ मारली, तर ती सौदी अरेबिया, लिबिया, मोरोक्कोवरून अटलांटिकमध्ये उतरते. त्या रेघेने गेलं तर साधारण 14,200 किलोमीटर होतात.

आता हा दोरा बघा. एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर. ताणला... बघा कुठे गेला! अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, मॉस्कोजवळून फिनलंड, नॉर्वे, आइसलंडच्या बाजूने, आणि मग कॅनडावरून खाली. हे भरतात सुमारे 12,500 किलोमीटर. म्हणजे 1,700 किलोमीटर वाचले! मला तर हे दर वेळी नव्याने थक्क करतं.

अर्थात, दोऱ्याची वाट विमानाला जशीच्या तशी मिळत नाही. पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं. रशियाने 2022 मध्ये युरोपीय कंपन्यांना बंद केलं, आणि अमेरिकी कंपन्याही तिथून जात नाहीत. त्यामुळे तिकीट कुठल्या कंपनीचं आहे, यावरही वाट बदलते.

पण जाण्यायेण्यातला फरक पाडतो तो वारा. साधारण 9 ते 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा जोर जास्त. विमान हवेतून ताशी 900 किलोमीटरने जातंय असं धरा. समोरून 100 चा वारा असेल, तर जमिनीच्या हिशेबाने वेग उरतो 800. तोच वारा पाठीशी असेल, तर 1,000! समोरच्या स्क्रीनवर ‘ग्राउंड स्पीड’ दिसतो ना, तो हाच. म्हणून प्रत्येक उड्डाणाआधी त्या दिवसाचे वारे बघूनच मार्ग आखतात.

तिकिटावरची वेळ मात्र नीट वाचा. ती त्या त्या गावच्या घड्याळाची असते. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. जुलैत रात्री 2 ला मुंबईहून निघालात आणि 16 तास लागले, तर तिथे त्याच दिवशी सकाळचे साडेआठ वाजलेले असतात. साडेसहा तासांचा प्रवास वाटतो, पण शरीराने सोळा तास काढलेले असतात.

आणि म्हणूनच ज्यांना बीपी-शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांच्यासाठी एक कळकळीची विनंती. निघण्याआधी डॉक्टरांना तिकीट दाखवा, कुठला डोस कधी घ्यायचा ते कागदावर लिहून घ्या, आणि औषधं हातातल्या बॅगेत ठेवा. चेक-इनच्या बॅगेत टाकू नका.