नाद खुळा! पण कुठला नाद?

राम राम मंडळी! मागं आपल्या कोल्हापूरचा रंकाळा तलाव दिसतोय बघा. सकाळचे सहा वाजलेत, काठावर योगाचा क्लास जोरात आहे. परवा इथंच एका काकांना म्हटलं, पुढचा व्हिडिओ तंत्रावर करतोय. काका दोन पावलं मागं सरकले. "लिंबू, टाचण्या, अमावस्या... असलं कशाला रे बाबा?"

आणि हेच काका नवरात्रात घरी सप्तशतीचा पाठ लावतात!

पाठाआधी गुरुजी काय करतात, बघितलंय? छाती, डोकं, शेंडी, एकेका जागी हात लावत म्हणतात, "हृदयाय नमः, शिरसे स्वाहा, शिखायै वषट्." ह्याला म्हणायचं न्यास. देवीला आधी स्वतःच्या अंगात बसवायचं, पूजा मग. तंत्र तंत्र म्हणतात ते हेच. आपल्या अंबाबाईच्या हातातलं महाळुंग, गदा, ढाल, पानपात्र, ह्या रूपाचं वर्णनही त्याच सप्तशतीला जोडलेल्या प्राधानिक रहस्यात आहे.

हठयोगाची, म्हणजे आसन-प्राणायामाच्या योगाची, नाळही ह्याच परंपरेशी. मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ ही मंडळी तांत्रिकच. 15व्या शतकातली स्वात्मारामांची हठयोगप्रदीपिका उघडा. सुरुवातीलाच सांगून टाकलंय की ही विद्या फक्त राजयोगासाठी, म्हणजे समाधीसाठी. पोट कमी करण्याचा विषय निघतो, पण जाता जाता. आसनं किती? पंधरा. पहिल्या प्रकरणातच उरकली. आमच्या क्लासच्या बोर्डावर ह्याहून जास्त आहेत!

खरी मजा चौथ्या प्रकरणात. तिथं नाद येतो. आपला 'नाद खुळा'वाला नव्हे... का तोच, कोण जाणे. कान, डोळे, नाक, तोंड बोटांनी बंद करायचं आणि आतलं ऐकायचं. आधी समुद्र, ढगांचा गडगडाट, भेरी म्हणजे मोठा नगारा. मग मृदंगासारखा मर्दल, शंख, घंटा. शेवटी घुंगरू, बासरी, वीणा, भुंगा. आवाज बारीक होत जातो आणि मन त्याच्या मागोमाग. मध पिणाऱ्या भुंग्याला वासाची पडलेली नसते, तसं नादात अडकलेलं मन विषयांकडं, म्हणजे बाहेरच्या सुखांकडं, बघत नाही. मनाला धरून बांधायचं नाही, त्याला गोडी लावायची. मला तंत्रातली ही युक्ती फार आवडते.

मी रोज बसतो ह्याला, वीस मिनिटं. समुद्र सोडा, अजून ढगसुद्धा गडगडला नाही. पलीकडच्या गल्लीतला दुधवाल्याच्या किटल्यांचा आवाज तेवढा येतो, दोन्ही कान बंद करून!