नाण्यावर कुणाचं नाव? कैसर, अहिल्याबाई आणि एक अडचणीचा प्रश्न

नमस्कार मंडळी, आवाज येतोय ना नीट? मधेच कुकरची शिट्टी झाली तर समजून घ्या, घरीच शूट करतोय, आणि इंदूरात रविवारी पोहे-जिलबी झाल्याशिवाय कॅमेरा काय चालू होत नाही.

हे बघा (नाणं कॅमेऱ्याजवळ). आजोबांच्या डब्यातला होळकरी रुपया. फोकस होतंय का? हां. यावर फारसीत शहा आलम बादशहाचं नाव आहे, आणि त्याच नाण्यावर बेलाचं पान आणि शिवलिंग. म्हणजे बादशहा दिल्लीचा, देव आपला आणि टांकसाळ होळकरांची! लहानपणी मी आजोबांना विचारायचो की मग राजा कोण, तर ते म्हणायचे, पहिले अभ्यास कर. शहा आलमची हालत तर अशी की १७८८ साली गुलाम कादिर नावाच्या रोहिला सरदाराने त्याचे डोळे काढले, तरी त्याच्या नावाची नाणी पडतच होती. आणि इकडे महेश्वरला अहिल्याबाईंचे हुकूम श्रीशंकराच्या नावाने निघायचे, म्हणजे मालक महादेव, मी फक्त सांभाळणारी. राजवाड्यासमोरून रोज जातो आपण, पण हा केवढा मोठा विचार आहे याच्याकडे लक्षच जात नाही.

आता हेच नाणं हातात धरून जरा दोन हजार वर्षं मागे जेरुसलेमला चला.

तिथे येशूला पकडायला एक सवाल तयार करून आणला होता, कैसराला, म्हणजे रोमच्या बादशहाला, कर द्यावा की नाही? द्या म्हटलं तर आपलेच लोक म्हणणार हा रोमचा चमचा, देऊ नका म्हटलं तर सरळ राजद्रोह. विचारणारे कोण, तर परूशांचे, म्हणजे धर्मनियम कडक पाळणाऱ्या ज्यू पंथाचे, चेले आणि रोमच्या मर्जीतल्या हेरोद राजाच्या पार्टीवाले, ज्यांचं एरवी एकमेकांशी बिलकुल पटत नाही, पण कुणाला अडकवायचं असलं की युती होते, हे आपल्याला काही नवीन नाही.

येशू काय म्हणतो, नाणं दाखवा. मला यातला हाच भाग सगळ्यात आवडतो, कारण त्याला ते मागावं लागलं आणि त्यांनी ते लगेच काढून दिलं! त्यावर बहुतेक तिबेरियस कैसराचा चेहरा असणार, आणि त्याच्या नाण्यांवर अक्षरं अशी की हा दैवी ऑगस्टसचा, म्हणजे आधीच्या कैसराचा, मुलगा. मूर्ती चालत नाही म्हणणारे लोक ती मूर्ती खिशात घेऊन फिरत होते. मग तो विचारतो, चित्र कुणाचं, नाव कुणाचं? कैसराचं. तर कैसराचं ते कैसराला द्या आणि देवाचं ते देवाला.

हे वाक्य आपल्याकडे कसं वापरतात माहितीये? धर्म एका खोलीत, राजकारण दुसऱ्या खोलीत, मधलं दार बंद. रविवारी देव, सोमवारपासून दुकान. मला हा अर्थ पटत नाही, स्पष्टच सांगतो. कारण वाक्याचा अर्धाच भाग आपण ऐकतो. नाण्यावर कैसराचं चित्र आहे म्हणून नाणं त्याचं, ठीक, पण मग देवाचं चित्र कशावर आहे? ज्यू माणसाला हे शिकवायला नको, बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात लिहिलंय की माणूस देवाच्या प्रतिरूपाचा घडवला. साधारण इ.स. २०० च्या सुमारास कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुलियन हेच म्हणतो, नाणं कैसराला दे, स्वतःला देवाला दे. म्हणजे कैसराला काय मिळतं, चांदीचा एक तुकडा. माणूस मात्र त्याच्या हिशोबात येत नाही. कर घे बाबा, पण माणसावर तुझा शिक्का नाही, मग तो माणूस गुलाम असो, शत्रूच्या जातीचा असो की तुला मत न देणारा असो.

बघा, हे किती महागात पडणारं वाक्य आहे, आणि फक्त राजालाच नाही.

३९० साली थेस्सलोनिका शहरात रोमचा ख्रिस्ती सम्राट थिओडोसियस याच्या हुकमाने लोकांची कत्तल झाली. मिलानचा बिशप अँब्रोज याने त्याला पत्र लिहिलं की तू समोर असशील तर मी प्रभुभोजनाचा विधी करणार नाही, आणि खरंच सम्राटाने लोकांसमोर पश्चात्ताप केला. (चर्चच्या दारात हात पसरून अडवलं वगैरे जे चित्रांमध्ये दिसतं, ते मागाहून रंगवलेलं आहे, पत्र मात्र खरं.) इथे टाळ्या वाजवाव्याशा वाटतात ना? थांबा. हाच अँब्रोज, दोनच वर्षं आधी, ३८८ साली, कॅलिनिकम गावात ख्रिस्ती जमावाने ज्यूंचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, जाळलं, सम्राट म्हणाला तिथल्या बिशपने ते परत बांधून द्यावं, तर हा मधे पडला आणि हुकूम मागे घ्यायला लावला. सम्राटाला देवाची भीती दाखवता येते हे एकदा कळलं की ती भीती कुणासाठी वापरायची हा प्रश्न येतोच, आणि इथे ती जळालेल्या सिनेगॉगसाठी वापरली गेली नाही. ज्यूंवर देवाचं चित्र नव्हतं का? मी स्वतः रविवारी चर्चला जाणारा माणूस आहे म्हणून हे जरा जास्तच खुपतं.

या बाबतीत मला आपल्या पंडिता रमाबाई जास्त जवळच्या वाटतात. १८८३ मध्ये इंग्लंडला वाँटेजमध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि मग तिथल्या मठातल्या सिस्टर लोकांशी पत्रांतून असा वाद घातला की विचारू नका. बाईंचं म्हणणं सरळ होतं, आत्ताच मोठ्या मुश्किलीने एका पुरोहितशाहीच्या जोखडातून सुटलेय, आता दुसरं जोखड मानेवर घेणार नाही. ख्रिस्त मान्य, पण त्याच्या नावाने हुकूम सोडणारे आपोआप मान्य नाहीत. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर स्वतः केलं, मधे कुणी नको म्हणून.

आता परत या रुपयावर. कमेंटमध्ये काही जण म्हणतील, अहिल्याबाईंनीही हेच केलं, राज्य महादेवाचं म्हटलं. हो, आणि म्हणूनच मला ते थोर वाटतं. पण एक फरक बघा. राज्य देवाचं म्हणणारा स्वतःवर लगाम घालतोय की स्वतःचा हुकूम देवाच्या नावाने खपवतोय, हे नाण्यावरून कळत नाही. तिबेरियसच्या नाण्यावरही देवच होता, त्याच्या बापाच्या नावाने.

असो. गेल्या महिन्यात सराफ्यात हे नाणं दाखवलं, तर दुकानदाराने दोन्ही बाजू न बघताच ते काट्यावर ठेवलं. मी म्हटलं अहो, यावर लिहिलंय काय ते तर वाचा, तर म्हणतो, साहेब, वाचायचे पैसे वेगळे. मग तसंच परत डब्यात टाकून घेऊन आलो.