खिशातली हजेरी

(सोलापुरातल्या एका व्याख्यानमालेतलं भाषण, थोडं संपादित करून.)

मघाशी आत येताना दारातल्या वहीत तुम्ही सगळ्यांनी नाव लिहिलंत. पुढे मोबाईल नंबरचा रकाना होता, तोही भरलात. नंबर कशाला हवा, असं मी तिथल्या कार्यकर्त्याला विचारलं. तो गोंधळला. "दरवर्षी घेतो, सर," म्हणाला. त्याचा दोष नाही. घेणाऱ्याला प्रश्न पडत नाही आणि देणाऱ्यालाही पडत नाही, इथवर आपण आलोय. आज मला याचबद्दल बोलायचंय.

खाजगीपणा म्हटलं की लोक म्हणतात, हे बंगल्यात राहणाऱ्यांचं दुखणं. मी सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत वाढलो. एका खोलीत आठ माणसं, शेजारच्या खोलीत माग, दिवसरात्र खटखट. कुणाच्या घरी आज चूल पेटली नाही, कुणाची सून माहेरी निघून गेली, कुणी उचल घेऊन कारखाना बदलला, सगळ्या वाड्याला ठाऊक असायचं. मग तिथं खाजगी काय होतं? मोरीला जुन्या लुगड्याचा पडदा होता. त्या पडद्याआड काय लपवतेस, असं कधी कुणी कुठल्या बाईला विचारलं नाही. आज "माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही" असं कुणी म्हणालं की मला तो पडदा आठवतो.

आणखी एक होतं. शेजारीण आमचं भांडण ऐकायची, तसं तिच्या घरचं आम्हीही ऐकायचो. तिला काय माहीत आहे, हे आम्हाला माहीत असायचं. सोयरीक जमवायला पाहुणे आले की ती ब्र काढायची नाही. चार वर्षांनी सगळं विसरूनही जायची. माहिती सगळीकडे होती, पण तिला मर्यादा होती.

याच गावात माहिती ठेवण्याची दुसरी एक तऱ्हाही होती. सेटलमेंट भाग आपल्या सगळ्यांना माहीत आहे. नाव अजून तेच, पण ते कशावरून पडलं हे तरुण मुलांना सांगावं लागतं. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे पारधी, कैकाडी, टकारी अशा जमातींची माणसं इथं तारेच्या कुंपणात ठेवली. गुन्हा केला म्हणून नव्हे, त्या जमातीत जन्मली म्हणून. हजेरी द्यायची, बाहेर जायचं तर पास घ्यायचा. नोंद झालेल्या माणसाच्या बोटांचे ठसे केव्हाही घेता येतील, अशी सोय याच नावाच्या पुढच्या, १९११ च्या कायद्यात होती. ३१ ऑगस्ट १९५२ ला, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ही माणसं मुक्त झाली. त्या रजिस्टरात आपल्याबद्दल काय लिहिलंय, हे हजेरी देणाऱ्याला कळायचं नाही. लिहिणाऱ्याबद्दल तर त्याला काहीच कळायचं नाही.

आता खिशातला फोन काढा आणि सांगा, हा आमच्या वाड्यातल्या शेजारणीसारखा आहे की त्या रजिस्टरासारखा? तुम्ही कुठं गेलात, किती वाजता झोपलात, कुठल्या दुखण्याबद्दल विचारलंत, हे त्याच्यामार्फत कुणाला तरी कळतं. ते कोण, हे तुम्हाला कळत नाही. आणि तो विसरत नाही. कुंपणातल्या माणसांवर जे झालं त्याच्या पासंगालाही आपला त्रास पुरत नाही, हे मी आधीच सांगतो. त्यांना पर्याय नव्हता. पण नोंद ठेवायची पद्धत मला ओळखीची वाटते.

हे पुस्तकी वाटू नये म्हणून आमच्या गल्लीतलं सांगतो. एक बाई विड्या वळते. पोरीच्या फीसाठी तिनं मोबाईलवरच्या एका ॲपवरून कर्ज घेतलं, मोजके हजार रुपये, मुदत सात दिवसांची. ॲप उघडताना पडद्यावर चार वेळा काहीतरी विचारलं गेलं, तिनं चार वेळा होकाराचं बटण दाबलं. त्यात फोनमधले सगळे नंबर आणि फोटो गेले. आठव्या दिवशी तिचा फोटो, त्याखाली घाणेरडे शब्द, असा मेसेज विड्यांच्या ब्रँचमधल्या कारकुनाला गेला, पोरीच्या शाळेतल्या बाईंना गेला, थोरल्या मुलीच्या सासरी गेला. पैसे तिनं दागिना मोडून फेडले. तरी आठवडाभर ती माल द्यायला ब्रँचमध्ये गेली नाही, शेजारणीच्या हाती पाठवला.

कर्ज देणाऱ्या ॲपनं फोनमधले नंबर, फोटो, कॉलची यादी यांना हात लावू नये, असं रिझर्व्ह बँकेनं २०२२ साली सांगितलेलं आहे. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा नंबर आहे. सोलापूरकराला हा आकडा पाठ करावा लागू नये, इंग्रजांनी गावात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा लावला ते साल आहे. पण त्या बाईला यातलं काही ठाऊक नव्हतं. आणि तिच्या फोनमध्ये ज्यांचे नंबर होते त्यांनी तर कुठलंच बटण दाबलं नव्हतं. तुम्ही साधा बटणांचा फोन वापरत असाल, तरी तुमचं नाव दुसऱ्या कुणाच्या फोनमधून बाहेर गेलेलं असतं.

कायद्याचं थोडक्यात. १९६२ साली खरकसिंग नावाच्या माणसाच्या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयानं दिला. पुराव्याअभावी सुटलेला माणूस, पण पोलीस रात्री-अपरात्री दार ठोठावून तो घरात आहे का बघायचे. न्यायालयानं रात्रीची दारठोक थांबवली, मात्र खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला नाही. तो मानायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावं लागलं. पुट्टस्वामी या निवृत्त न्यायमूर्तींच्या याचिकेवर नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं तो निकाल दिला. पुढच्या वर्षीच्या आधारच्या निकालानं खाजगी कंपन्यांना आधारची सक्ती करण्यापासून रोखलं. २०२३ मध्ये माहिती संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांसाठी तिथून पुढे १८ महिन्यांची मुदत दिली गेली. दंड २५० कोटींपर्यंत आहे. पण केंद्र सरकार आपल्या कुठल्याही यंत्रणेला या कायद्यातून सूट देऊ शकतं, ही गोष्ट मला गंभीर वाटते. कारण आपल्यासारख्यांची सर्वांत जास्त माहिती सरकारकडेच असते.

रेशन दुकानात बघा. विड्या वळणाऱ्या बायकांच्या बोटांच्या रेषा वर्षानुवर्षं पानं कातरून, तंबाखू भरून झिजलेल्या असतात. यंत्रावर अंगठा लागत नाही. एकदा, दोनदा, पाचदा. रांगेतली माणसं बघत असतात आणि साठीची बाई बोट पदराला पुसून पुन्हा टेकवते. ती तीच आहे हे त्या रांगेतल्या प्रत्येकाला माहीत असतं. दुकानदारालाही माहीत असतं. यंत्राला माहीत नसतं, आणि त्या वेळी यंत्राचं खरं धरलं जातं. माणसाची माहिती त्याच्या हातातून गेली की त्याचा शब्दही हलका होतो, हे मी तिथं उभं राहून पाहिलंय.

मी फोन टाकून द्या म्हणत नाही, मीही वापरतो. दुकानात बिलासाठी नंबर मागितला तर "कशाला?" एवढं विचारतो. आधारची झेरॉक्स दिली तर तिच्यावर कशासाठी दिली ते आणि तारीख लिहितो. बॅटरीच्या ॲपला माझे फोटो कशाला हवेत, हे बघून नाही म्हणतो. यानं फार काही वाचतं असा माझा दावा नाही. विचारायची सवय राहावी म्हणून करतो.

ती बाई परवा पुन्हा भेटली. म्हणाली, "काका, माझा तो फोटो अजून कुठं फिरत असंल का वो?" आपली माहिती पुसून टाकायला लावायचा हक्क नव्या कायद्यात आहे, हे मी तिला सांगितलं. तिनं विचारलं, "मग कुणाकडं जाऊन सांगायचं?" ते ॲप तोवर नाव बदलून नाहीसं झालं होतं. कुठलं दार ठोठवायचं, हे मला तिला सांगता आलं नाही.