शाळेला मिस्त्री हवा

(कोल्हापुरात राजर्षी शाहू स्मारक भवनात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष, मित्रहो, आणि मागच्या रांगांत बसलेले माझे जुने सहकारी,

पत्रिकेवर विषय छापलाय ‘शिक्षणावरचा सरकारी खर्च आणि समाजातलं तंत्रज्ञान’. त्यावर बोलणारच आहे, पण सुरुवात एका शब्दापासून करतो. सादिल. सभागृहात शिक्षक किती बसलेत ते या शब्दावर कळतं. (हशा) हसलात ते सगळे शिक्षक. बाकीच्यांना सांगतो. खडू, झाडू, फळ्याचा रंग, वीजबिल, दाराची तुटलेली कडी, असल्या किरकोळ खर्चासाठी शाळेला जी रक्कम मिळते ती सादिल. चौतीस वर्षं मी सरकारी शाळेत काढली आणि माझं मत पक्कं झालंय की शाळेतलं तंत्रज्ञान या सादिलापाशी येऊन अडतं. यंत्र घ्यायला सरकारकडे पैसा निघतो. घेतलेलं यंत्र चालतं ठेवायला निघत नाही.

राधानगरीच्या वरच्या अंगाला एका वाडीवर माझी बदली झाली होती. २००८ चा जून. त्या भागातला पाऊस तुम्हाला ठाऊक आहे, छत्री आठ दिवसांत कुजते. टेम्पो चिखलात रुतला आणि पोरांनी तो ढकलत शाळेपर्यंत आणला. आत आठ संगणक. खोकी उतरवताना प्रत्येकाला हात लावायचा होता, नुसता खोक्याला. शाळेला खोल्या तीन, आणि प्लग एकच, तोही ऑफिसात.

टेम्पोवाल्यानं पोच मागितली. मी सही केली, शिक्का मारला, डेड स्टॉक रजिस्टरला नोंद घेतली, ‘संगणक संच, नग आठ’. त्या सहीचं वजन बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. यातला एक जरी चोरीला गेला, जळाला, उंदरानं कुरतडला, तरी जबाबदार मुख्याध्यापक, आणि वसुली त्याच्या पगारातून. पहिल्याच आठवड्यात शाळा सुटल्यावर आम्ही दोन संच लावून बघितले. दोन्हींतून धूर आला. मग अशा वेळी कुठलाही मुख्याध्यापक करतो तेच मी केलं, कुलूप लावलं. सगळ्यांत कोरडी खोली पोषण आहाराच्या तांदळाची होती. एका भिंतीला पोती, दुसऱ्या भिंतीला संगणक. आणि तांदूळ तिथं उंदीर.

चौदा महिने ती खोली बंद होती. टेम्पो ढकलणाऱ्यांतली सातवीची पोरं तोवर शाळा सोडून गेली. पडदा उजळलेला त्यांनी बघितला नाही. त्या अकरा जणांची नावं मला आजही हजेरीपटाच्या क्रमानं पाठ आहेत.

२००९ च्या गणपतीला एक माजी विद्यार्थी गावी आला होता. दहावी नापास होऊन इथं उद्यमनगरात, आपल्या कारखान्यांच्या वसाहतीत, मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात लागलेला. पाया पडायला आला आणि विचारलं, “सर, कॉम्प्युटर आल्याती म्हणं?” मी कुलूप काढून दाखवलं. त्यानं संगणकाकडे बघितलंसुद्धा नाही. आधी भिंतीवरच्या बोर्डाला टेस्टर लावला. मग म्हणाला, “सर, अर्थिंगच न्हाई. आन् ही लाइन शेतीपंपाच्या डीपीवरची. समद्या मोटरी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज एकशेचाळीसला येतंय, बंद झाल्या की उसळतंय. ह्यात काय टिकणार?”

दुसऱ्या दिवशी त्यानं शाळेमागं छातीएवढा खड्डा घेतला. मधे जीआय पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि खडेमीठ थरावर थर भरलं, पाणी सोडलं, वायर आत ओढली. पोरं खड्ड्याच्या काठावर उकिडवी बसली होती. एकीनं विचारलं, मीठ कशाला? तो म्हणाला, “मीठ वल धरून ठेवतंय. वल्या मातीतनं करंट बिगी बिगी खाली जातोय, मग तुमच्या अंगातनं जात न्हाई.” इतका चांगला विज्ञानाचा तास मी साऱ्या नोकरीत दुसरा बघितला नाही. जुना स्टॅबिलायझर त्यानं उद्यमनगरातूनच आणून बसवला. दोन संच आम्ही जाळलेले, एकाची वायर उंदरांनी संपवलेली. उरलेले पाच चालू झाले. सगळा खर्च अकराशे चाळीस रुपये.

थोडं विषयांतर करतो, पण ते इथंच करायला हवं. उद्यमनगराचा आपल्याला अभिमान आहे. तिथल्या फाउंड्र्या, इंजिनं, सुटे भाग, हे सगळं ज्यांनी उभं केलं त्यांच्यात पदवीधर किती आणि बंद पडलेलं इंजिन खोलून बघणारे किती, हे इथल्या जुन्या माणसांना माहीत आहे. या गावात तंत्रज्ञान खोलून बघणाऱ्यांच्या हातानं आलं. आणि आपल्या शाळेत? आपण यंत्रावर ‘हात लावू नये’ अशी चिठ्ठी चिकटवतो. पोराला बटण दाबायला शिकवलं म्हणजे तंत्रज्ञान शिकवलं असं आपण धरून चाललोय. समाजात तंत्रज्ञानाची जागा कोणती, हा प्रश्न मला त्या खड्ड्याच्या काठावर बसलेल्या मुलीपासून सुरू करावासा वाटतो. तिला मीठ कशाला ते कळलं होतं.

तर पुढचं सांगतो. वर्षभरानं लेखापरीक्षण झालं. आक्षेप तीन. यंत्राचं सील कुणाच्या परवानगीनं तोडलं? खाजगी व्यक्तीला शासकीय मालमत्तेला हात का लावू दिला? आणि हे अकराशे चाळीस कोणत्या लेखाशीर्षातून खर्ची टाकले? चार पानी खुलासा लिहिला. पैसे खिशातले होते म्हणून सुटलो. चौदा महिने आठही संगणक बंद होते, त्यावर मात्र कुणीही आक्षेप घेतला नव्हता. कुलपातलं यंत्र कागदावर सुरक्षित असतं. माझं भांडण आहे ते या कागदाशी. आक्षेप लिहिणारा माणूस वाईट नव्हता, त्याच्या नमुन्यात ‘यंत्र चालू आहे का’ असा रकानाच नव्हता.

मग वीजबिल. पाच संगणक चालले, बिल वाढलं, सादिल होतं तेवढंच. थकबाकी झाली आणि वायरमन येऊन जोडणी काढून गेला. गावच्या दूध संस्थेत विषय निघाला. ठरलं की प्रत्येक सभासदाच्या पंधरवड्याच्या बिलातून दहा रुपये कापायचे. दुधाचं बिल म्हणजे काय, हे कोल्हापुरात सांगायला नको. कित्येक घरांत बाईच्या हातात येणारा रोख पैसा तेवढाच. एकीनंही नाही म्हटलं नाही. आठ दिवसांत वीज आली.

‘लोकवर्गणीतून शाळा डिजिटल’ अशा बातम्या आपण कौतुकानं वाचतो. गावाचं कौतुक मलाही आहे. पण सरकारनं त्या बातमीत आनंद मानावा, याचा मला राग येतो. दुधाच्या बिलातून दहा रुपये देणारी तीच बाई दुकानात साबणाची वडी घेत होती. २००४ पासून केंद्रानं करांवर दोन टक्के शिक्षण उपकर बसवला होता, २००७ पासून माध्यमिक आणि उच्च शिक्षणासाठी आणखी एक टक्का. तो फक्त आयकरावर नव्हता, कारखान्यातून निघणाऱ्या मालाच्या उत्पादन शुल्कावरही होता. म्हणजे वडीच्या किमतीत तिनं शिक्षणाचा पैसा आधीच भरला होता. पुढं उत्पादन शुल्कावरचा उपकर गेला, आणि २०१८ पासून आयकरावर आरोग्य आणि शिक्षण मिळून चार टक्के आहे. पैसे गोळा होतात. शाळेच्या प्लगपर्यंत येत नाहीत.

आता जरा या सभागृहाबाहेर चला. पायऱ्या उतरलात की दसरा चौक. इथं उभं राहिलं की मुस्लिम बोर्डिंग दिसतं, जैन बोर्डिंग जवळच आहे. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं आणि मग एकेका समाजाची वसतिगृहं या शहरात उभी राहिली. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला. हे आपण दर जयंतीला ऐकतो. मला त्यातली हिशेबाची बाजू दाखवायची आहे. बोर्डिंग म्हणजे काय? इमारत एकदा होते, पण भाकरी दोन्ही वेळा लागते, वर्षाचे बाराही महिने. महाराजांनी वसतिगृहांना जागा दिल्या, इमारतींना मदत केली आणि वर्षाच्या वर्षाला अनुदानंही बांधून दिली. उद्घाटनानंतरचा खर्च त्यांनी आधी धरला होता. म्हणून शंभर वर्षांनंतरही ती नावं दारांवर आहेत.

खेड्यात यंत्र टिकत नाही, असं कुणी म्हणालं तर त्याला १९७५ सांगा. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६, अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षासाठी मिळाला होता आणि इस्रोनं सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत टीव्ही पोचवला. ‘साइट’ म्हणतात त्या प्रयोगाला. आपलं राज्य त्या सहांत नव्हतं. डिश अँटेना कशाच्या केल्या होत्या? कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीच्या. पण संच दुरुस्त ठेवण्याची व्यवस्था पहिल्या दिवसापासून उभी होती, माणसं नेमलेली होती. आता दुसरं टोक बघा. पुण्यात १९८४ मध्ये बालचित्रवाणी सुरू झाली, मराठी मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम करणारी संस्था. पगाराचा पैसा केंद्रानं द्यायचा की राज्यानं, यात ती अडकली आणि २०१७ मध्ये बंद झाली. तीन वर्षांनी महामारी आली, शाळा बंद झाल्या, आणि घरात बसलेल्या पोरांसाठी मराठी कार्यक्रम आपण शोधत फिरलो.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय, दहा मिनिटं. त्यात मूळ विषय संपवतो.

शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च व्हावा, हे कोठारी आयोगानं १९६६ मध्ये सांगितलं. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे, आपल्या जिल्ह्याचे. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा हात होता. समता, गुणवत्ता आणि संख्या ही तिन्ही एकत्र कशी साधायची, हा त्यांचा आयुष्यभराचा प्रश्न. त्यांनी सहाचा आकडा १९८५-८६ पर्यंत गाठायला सांगितला होता. १९६८ च्या धोरणात तो आला, १९८६ च्या धोरणात आला, २०२० च्या धोरणात पुन्हा आला. गाठला अजून नाही. तो मागत राहायलाच हवा. पण उद्या सहा टक्के मिळाले आणि ते नव्या खोक्यांत गेले, तर माझ्या वाडीवर काय बदलेल?

म्हणून माझ्या मागण्या वेगळ्या आहेत. एक तर, शाळेसाठी कुठलंही यंत्र घेताना पुढच्या पाच वर्षांची वीज, दुरुस्ती आणि सुटे भाग यांचा पैसा त्याच मंजुरीत धरा. तो धरायचा नसेल तर यंत्र कमी घ्या. आठांऐवजी पाच चालतील. माझ्याकडे पाचच चालले, आणि पोरं पुरेशी शिकली.

दुसरं, प्रत्येक केंद्रशाळेला, म्हणजे आसपासच्या शाळा जिच्याशी जोडलेल्या असतात त्या शाळेला, एक मिस्त्री द्या. आयटीआय झालेला, महिन्याच्या पगारावर, हत्यारांची पिशवी आणि मोटारसायकल घेऊन केंद्रातल्या शाळा फिरणारा. मोटर, पंखा, संगणक, प्रोजेक्टर, पाण्याची टाकी, सगळं बघणारा. आणि काम करताना पोरांना भोवती बसू देणारा, हे त्याच्या नेमणुकीच्या आदेशात लिहा. आपल्या जिल्ह्यात अशी पोरं नाहीत असं कुणी म्हणू नये. ती उद्यमनगरात आहेत, गोकुळ शिरगावला आहेत, आज दिवसाच्या हजेरीवर आहेत.

तिसरं, ठरावीक रकमेपर्यंत दुरुस्ती करायला मुख्याध्यापकाला कुणाची परवानगी लागू नये, आणि मुलांच्या वापरात बिघडलेल्या यंत्राची वसुली पगारातून होऊ नये. वापरून बिघडलेलं आणि हलगर्जीनं बिघडलेलं यांतला फरक ठरवायला केंद्रप्रमुख, मिस्त्री आणि शाळा व्यवस्थापन समितीतला एक पालक पुरेसा आहे. शिक्षण हक्क कायद्यानं ही समिती प्रत्येक सरकारी शाळेला दिलेलीच आहे, तिच्याकडून एवढं काम घ्या. खाजगी भागीदारी आणि कंपन्यांच्या देणग्या यांवर बोलायचं होतं, ते राहिलं. त्यातलं एकच सांगतो, देणगीतल्या यंत्रालाही हाच नियम लावा. पाच वर्षांचा खर्च सोबत देणार असाल तरच या.

दुसरी चिठ्ठी आली. थांबतो.

बाहेर पुस्तकांच्या टेबलाजवळ एक दोनशे पानी वही ठेवली आहे. इथं बसलेल्या ज्यांच्या शाळेत कुलपात यंत्र आहे, त्यांनी जाताना त्यात एक ओळ लिहावी. यंत्र कोणतं, किती नग, कधीपासून बंद, आणि काय बिघडलंय. शाळेचं नाव नको, तुमचंही नको. ही वही घेऊन मी मुंबईला जाणार आहे. पहिली ओळ काल रात्री मीच लिहून ठेवली. संगणक, नग तीन, दोन एसएमपीएस (आतले वीजपुरवठ्याचे डबे) जळालेले, एक वायर कुरतडलेली, २००८ पासून. निर्लेखनाचा, म्हणजे रजिस्टरमधून नाव कमी करण्याचा, अर्ज केलेला आहे.