स्वेटर कमरेला बांधायचे दिवस

(कोथरूडमधल्या एका बालवाडीच्या पालकसभेत जानेवारीत दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

नमस्कार. संक्रांत होऊन आठवडा झाला, रथसप्तमी अजून यायची आहे. आज सकाळी इथे येण्याआधी तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरात एक वाक्य नक्की म्हटलं गेलं असणार. ‘अरे, स्वेटर घाल!’ आणि दुपारी मूल घरी येईल तेव्हा दुसरं वाक्य ठरलेलं आहे. ‘स्वेटर कुठे टाकलास?’

मला विषय दिला आहे ‘पालकाचा दिवस’. मी बँकेत नोकरी करते. मुलगी सहावीत आहे, मुलगा याच शाळेत मोठ्या गटात. व्यायाम, कपडे, सणवार, वाढदिवस ही सगळी वेगवेगळी कामं आहेत असं धरून मी बरीच वर्षं चालले आणि फार दमले. आज मला वाटतं की ही कामं वेगळी नाहीतच. मुलाचं अंग आणि बाहेरचा ऋतू यांची गाठ घालून देणं, एवढं एकच काम आपण वर्षभर करत असतो. सण हे त्या कामाचे ठरलेले दिवस आहेत.

आधी स्वेटरचंच बघू. पुण्यात या दिवसांत पहाटे पारा १०-१२ अंशांवर असतो आणि दुपारी तीसच्या आसपास जातो. हवा कोरडी, आभाळ निरभ्र, त्यामुळे दिवसभरात तापलेली जमीन रात्री भराभर निवते. म्हणजे पावणेसातला व्हॅनमध्ये बसणारं मूल आणि साडेबाराला उतरणारं मूल वेगवेगळ्या ऋतूंत असतं. त्याला एकच जाडजूड स्वेटर घालून पाठवलं तर सकाळी ते सुखात असतं, मधल्या सुट्टीत घामाघूम होतं, आणि घामाने ओला झालेला आतला कपडा अंगावरच वाळतो. त्यापेक्षा दोन पातळ थर बरे. आत सुती बनियन, त्यावर गणवेश, वर चेन असलेला पातळ स्वेटर. ऊब लोकरीइतकीच दोन थरांमध्ये अडकलेल्या हवेची असते. चेन अशासाठी, की पाच वर्षांच्या मुलाला डोक्यातून स्वेटर काढता येत नाही आणि बाईंना तीस मुलांचे काढत बसायला वेळ नसतो. चेन तो स्वतः उघडतो. मग बाह्या कमरेभोवती कशा बांधायच्या हे एका रविवारी बसून शिकवायचं. माझ्या मुलाला तीन दिवस लागले. त्यानंतर आमचा एकही स्वेटर हरवलेला नाही.

तान्ह्या बाळाची गोष्ट वेगळी, आणि तिथे घरात वाद होतात. आमच्याकडेही झाला. मुलगी डिसेंबरातली. सासूबाईंनी त्यांच्या आईच्या जुन्या लुगड्याची झबली, दुपटी आणि एक कुंची शिवून ठेवली होती. बाळ घरी आल्यापासून कुंची रात्रंदिवस डोक्यावर. मी काढायची, त्या घालायच्या. त्यांचं म्हणणं, हातपाय बघ किती गार लागतात. शेवटी आम्ही दोघी एकत्र बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. डॉक्टरांनी सासूबाईंचा हात धरून बाळाच्या मानेमागे, झबल्याच्या आत नेला आणि म्हणाले, ‘आजी, थंडी इथे बघायची. तान्ह्या मुलाचे हातपाय गारच लागतात. मान कोमट आणि कोरडी असेल तर बाळ मजेत आहे. घाम लागला तर एक कपडा उतरवा. घरात झोपताना टोपी नको, लहान बाळ जास्तीची उष्णता डोक्यातूनच बाहेर टाकतं.’

सासूबाईंनी ते त्या दिवसापासून पाळलं. कुंची राहिली, पण बाहेर जाताना. आणि एक गोष्ट मला त्यांच्याकडून शिकायला मिळाली, ती डॉक्टरांनी सांगितली नव्हती. बाळाचे पहिले कपडे नवीन कापडाचे करू नयेत. नव्या कापडाला खळ असते, ते टोचतं. शंभर वेळा धुतलेलं लुगडं मऊ झालेलं असतं, घाम शोषतं आणि वाळतंही लवकर. आजही कुणाच्या बाळंतविड्याला मी दुकानातला फ्रिलचा झगा नेत नाही. जुन्या सुती साडीची चार झबली शिवून नेते.

आता बोरन्हाण. गेल्या आठवड्यात तुमच्यातल्या काही घरांत झालं असेल, काहींचं रथसप्तमीपर्यंत होईल. एरवी आपण शुभकार्याला काळं घालत नाही, संक्रांतीला मात्र मुद्दाम घालतो, कारण गडद रंग ऊन जास्त शोषून घेतो आणि हे दिवस उन्हात बसण्याचे आहेत. माझ्या मुलाच्या पहिल्या बोरन्हाणाला हलव्याचे दागिने सासूबाईंनी घरी केले होते. पहाटेच्या थंडीत मंद आचेवर परात, परातीत भाजलेले तीळ, आणि पळीने थोडा थोडा पाक. बोटं सारखी फिरत राहायला हवीत. पाक एकदम जास्त पडला की गोळा होतो, आच वाढली की दाणा पिवळा पडतो. थंड, कोरड्या हवेतच हलव्याला काटा चांगला फुलतो, म्हणून तो याच दिवसांत करायचा. सलग चार सकाळी त्या बसल्या होत्या. मग त्याचा मुकुट, हार, बाजूबंद, बासरी.

आणि मुलाला तो हार घातल्याबरोबर त्याने भोकाड पसरलं. फुललेला काटा त्याच्या गळ्याला टोचत होता. नातेवाईक म्हणाले, दोन मिनिटं रडू दे, फोटो होऊ दे. सासूबाई उठल्या आणि चार सकाळी खपून केलेला हार त्यांनी स्वतः काढला. काळ्या झबल्यावरून बासरी तेवढी हातात दिली. मग तो हसला. त्या क्षणी त्या मला फार मोठ्या वाटल्या. समारंभ मुलासाठी आहे, हे बोलायला सोपं असतं. हातचं काम बाजूला ठेवून तसं वागणं अवघड.

बोरन्हाणात डोक्यावरून काय ओततो बघा. बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, हलवा. चुरमुरे सोडले तर बहुतेक याच दिवसांतलं. भोवतीची मुलं ते वेचायला धावतात, वाकतात, रांगतात, एकमेकांच्या हातातून ओढतात. मुलाला आपण हिवाळ्याची ओळख करून देतो, तीही धावपळ करायला लावून. एक काळजी मात्र घ्या. वर्षाच्या बाळाच्या तोंडात बोराची बी किंवा हलव्याचा दाणा गेला तर घशात अडकू शकतो. म्हणून एका माणसाने फोटो, पाहुणे सगळं सोडून फक्त बाळाच्या हातांकडे बघत बसायचं. आमच्याकडे हे काम मुलाच्या आत्याने केलं.

व्यायामाकडे येते. मुलगा तीन वर्षांचा असताना झोपलेल्या त्याला गाडीवरून उचलताना माझी कंबर धरली. पंधरा दिवस मला वाकता आलं नाही. फिजिओथेरपिस्टने पहिला प्रश्न विचारला, ‘दिवसातून जमिनीवर किती वेळा बसता-उठता?’ मी आठवून बघितलं. एकदाही नाही. बँकेत खुर्ची, घरी टेबल, देवपूजासुद्धा उभ्याने. आपल्या आज्या दिवसातून वीस वेळा उठबस करायच्या, ती माझ्या आयुष्यातून कधी गेली हे मला कळलंच नव्हतं.

त्याच वर्षी श्रावणात नणंदेची पहिली मंगळागौर होती. कंबर बरी झाली होती आणि थेरपिस्टने हालचाल वाढवायला सांगितलं होतं. आम्ही सोसायटीतल्या नऊ जणी महिनाभर आधीपासून रात्री जेवणानंतर गच्चीवर सराव करायला लागलो. झिम्मा, पिंगा, साधी फुगडी, आणि शेवटी बसफुगडी. बसफुगडी कधी नीट बघितली आहे का? उकिडवं बसायचं, समोरचीचे हात धरायचे आणि एकेक पाय पुढे टाकत उडायचं, तोंडाने गाणं चालू ठेवून. मांड्या, घोटे, तोल, पकड, दम, सगळं एकदम लागतं. गाणं म्हणत उडायचं म्हणजे श्वास मोजूनच घ्यावा लागतो. पहिल्या दिवशी मी चार उड्यांत खाली बसले. महिन्याच्या शेवटी तीस झाल्या, आणि मंगळागौरीच्या रात्री तर मोजल्याच नाहीत.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगते. ५ ते १७ वर्षांच्या मुलांना सरासरी रोज ६० मिनिटं दमवणारी हालचाल. हे आकडे मला पूर्वी धाकात ठेवायचे. इतका वेळ आणायचा कुठून? पण त्या महिन्यात आमची रोजची पाऊण तास गच्ची होत होती आणि मुली आपोआप आमच्यात शिरत होत्या. माझी मुलगी फुगडी माझ्याशीच खेळायची. आईला घामाघूम होऊन हसताना मुलांनी बघायला हवं असं मला मनापासून वाटतं. श्रावण संपला तरी आम्ही गच्ची सोडली नाही. नवरात्रात तिथेच भोंडला झाला, एरवी सूर्यनमस्कार चालू आहेत.

वाढदिवसाबद्दल मी थोडी कडक आहे. हॉल, सजावट, आणि साठ मुलांना प्रत्येकी प्लास्टिकच्या वस्तूंची पिशवी, हे मुलांना हवं असतं असं मला वाटत नाही. त्यांना दमेपर्यंत पळायला हवं असतं. आमच्याकडे सकाळी अभ्यंग, औक्षण आणि मग पर्वती. पर्वतीच्या १०३ पायऱ्या, रुंद आणि उताराच्या. चौथ्या वाढदिवसाला मुलाने त्या न उचलता चढल्या आणि वर देवळाच्या ओट्यावर बसून सगळ्यांनी लाडू खाल्ले. त्याचे सहा मित्र आले होते. खाली पसरलेल्या पुण्यात आपापली घरं शोधण्यात त्यांचा अर्धा तास गेला. संध्याकाळी केक घरीच, लहानसा.

वर्षाचं बाकीचं चक्र लवकर सांगते. दिवाळीच्या आधी फराळाला सुरुवात करायच्या रविवारी ट्रंकेतले स्वेटर उन्हात टाकायचे आणि कुणाला काय आखूड झालं ते तिथेच घालून बघायचं. गुढीपाडव्याला उलटं. लोकर आत, सैल सुती कपडे बाहेर, माठ भरायचा, आणि मुलांचं खेळणं ऊन चढायच्या आत किंवा सहानंतर. पालख्या पुण्यात येतात त्या सुमाराला रेनकोट. तो गुडघ्याखाली जाणारा घ्या, पण इतका लांब नको की सायकलीत अडकेल. आणि दप्तरात सुके मोजे प्लास्टिकच्या पिशवीत. पालखीबरोबर आम्ही दर वर्षी हडपसरपर्यंत चालतो. मुलगी गेल्या वर्षी पहिल्यांदा पूर्ण चालली, तिच्या हातात एका वारकरी आजींनी टाळ दिले होते.

रथसप्तमीच्या आधीच्या रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही सात-आठ घरं म्हातोबा टेकडीवर जाणार आहोत. ऊन यायच्या आत वर पोचायचं, मुलांबरोबर बारा सूर्यनमस्कार घालायचे आणि उतरायचं. तुम्ही सगळे या. कपडे दोन थरांत, पायात पकड असलेले बूट. पाण्याची बाटली ज्याची त्याने उचलायची, मुलांनीसुद्धा. तिळाच्या वड्या मी आणते. कुणाच्या घरी उसाचे करवे उरले असतील तर तेही घेऊन या.