नरक्या तपासायचा, पण तोडायचा नाही

स्क्रीनवर हे जे मध्यम उंचीचं झाड दिसतंय ना, तो नरक्या. सह्याद्रीत आंबोली, महाबळेश्वर भागात वाढतो, फुलांना घाण वास येतो, पण याच्या खोडा-मुळात कॅम्पटोथेसिन असतं, म्हणजे कॅन्सरच्या औषधांचा कच्चा माल.

अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी 1966 मध्ये ते एका चिनी झाडातून वेगळं केलं, आणि वाणी जन्मले आपल्या नंदुरबारला, हे सांगायलाच हवं. 1972 मध्ये कळलं की नरक्यातही ते आहे. पुढे 1996 मध्ये त्यापासून बनलेली टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही कॅन्सरची औषधं अमेरिकेत मंजूर झाली. मागणी वाढली तशी सिंधुदुर्ग, कोल्हापूरच्या जंगलात नरक्याची चोरटी तोड झाली, आणि हे फार वाईट झालं.

बरं, सगळ्या झाडांत हे रसायन सारखं नसतं. एखाद्यात भरपूर, शेजारच्यात जेमतेम. भरपूर असलेली झाडं ओळखता आली तर त्यांचीच रोपं वाढवता येतील, पण तपासायलाच झाड पाडलं तर काय उपयोग?

इथे नॅनो एलसी (नॅनो लिक्विड क्रोमॅटोग्राफी) कामाला येतं, म्हणजे अर्कातली रसायनं अगदी बारीक नळीतून पाठवून वेगळी करायची आणि मोजायची पद्धत. याच पद्धतीचा नेहमीचा, मोठा प्रकार म्हणजे एचपीएलसी. त्याचा कॉलम, म्हणजे रसायनं वेगळी करणारी नळी, आतून 4.6 मिलिमीटर, आणि सॉल्व्हंट, म्हणजे सॅम्पल पुढे नेणारा द्रव, मिनिटाला साधारण 1 मिली. नॅनो एलसीचा कॉलम आतून 75 मायक्रॉन, जवळपास केसाएवढा, आणि प्रवाह मिनिटाला 300 नॅनोलिटरच्या आसपास, म्हणजे 1 मिली सॉल्व्हंट दोन दिवसांहून जास्त पुरतं. सॅम्पल आत फारसं पातळ होत नाही, म्हणून पानाच्या किंवा सालीच्या छोट्याशा तुकड्यावर भागतं.

तुकडा द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून खलात कुटायचा, मिथेनॉल घालायचं, सेंट्रिफ्यूज करायचं, म्हणजे जोरात फिरवून गाळ खाली बसवायचा, वरचा हिरवा अर्क 0.2 मायक्रॉनच्या फिल्टरने गाळायचा. ही गाळणी कधीच टाळू नका, कारण पानातलं मेण बारीक कॉलममध्ये अडकलं की प्रेशर चढतं आणि महागडा कॉलम गेलाच समजा. जोडणीत जराशी पोकळी राहिली तरी पीक, म्हणजे आलेखावरचा त्या रसायनाचा उंचवटा, पसरतो. कॅम्पटोथेसिन यूव्हीखाली निळं चमकतं, त्यामुळे ही चमक टिपणाऱ्या फ्लुओरेसन्स डिटेक्टरला ते अगदी थोडं असलं तरी सापडतं.

पानातल्या आकड्यावरून मुळात किती असेल हे मात्र थेट सांगता येत नाही, म्हणून सगळ्या झाडांचा एकच भाग, एकाच ऋतूत घेऊन ताडायचा, आणि मगच कुठल्या झाडाचं बी नर्सरीत लावायचं ते ठरवायचं.