लॉर्ड एम्स्ली आणि 1989 चा एक निकाल

मित्रहो, जॉर्ज कार्लाइल एम्स्ली यांचा जन्म 1919 चा. शिक्षण ग्लासगोत, दुसऱ्या महायुद्धात लष्करात नोकरी, 1948 पासून एडिंबरात वकिली. 1970 मध्ये ते न्यायाधीश झाले आणि 1972 मध्ये स्कॉटलंडचे मुख्य न्यायाधीश. दिवाणी कोर्टात या पदाला लॉर्ड प्रेसिडेंट म्हणतात, फौजदारीत लॉर्ड जस्टिस जनरल, माणूस एकच. 1989 पर्यंत ते त्या पदावर होते. मला बोलायचंय ते त्यांच्या या शेवटच्या वर्षातल्या एका निकालाबद्दल.

‘एस विरुद्ध एच. एम. ॲडव्होकेट’ (म्हणजे सरकारी फिर्यादी पक्ष) या नावाने हा निकाल ओळखला जातो. एकाच घरात नांदणाऱ्या नवऱ्यावर बायकोवर बलात्कार केल्याचा आरोप होता. बचाव पक्ष म्हणाला, असा आरोपच कायद्यात बसत नाही. आधार कशाचा? तर बॅरन ह्यूम यांच्या 1797 मधल्या ग्रंथाचा. हे तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांचे पुतणे. स्कॉटलंडचा फौजदारी कायदा मोठ्या प्रमाणात जुने निकाल आणि असे ग्रंथ यांतून घडत आलाय, त्यामुळे ह्यूम यांचा शब्द म्हणजे प्रमाण. त्यांनी लिहून ठेवलं होतं की बायकोवर बलात्कार करायला दुसऱ्याला मदत केली तर नवरा दोषी ठरेल, पण स्वतः केला तर नाही; लग्नातच तिने स्वतःला त्याच्या स्वाधीन केलेलं असतं. ऐकताना अंगावर काटा येतो, पण जवळजवळ दोनशे वर्षं हे प्रमाण मानलं गेलं.

एम्स्ली यांनी विचारलं, ह्यूम यांच्या काळी हे खरं असेलही, पण आज त्याला आधार उरलाय का? बायको आता नवऱ्याची आज्ञाधारक नाही, संसारात बरोबरीची आहे. शिवाय नवरा-बायको वेगळे राहत असतील तर नवऱ्यावर असा खटला चालू शकतो, हे स्कॉटलंडच्या कोर्टांनी आधीच मान्य केलं होतं. म्हणजे संमती काढून घेता येते. मग ती एका छपराखाली राहून का काढून घेता येऊ नये? सिद्ध करणं अवघड जाईल, पण तपासायचं एवढंच की तिची संमती होती की नव्हती. मला या युक्तिवादाचा साधेपणा फार मोलाचा वाटतो. आरोप कायम राहिला.

स्कॉटलंडच्या फौजदारी खटल्यांत लंडनला अपील जात नसे, त्यामुळे तिथे हाच शब्द अखेरचा. पण 1991 मध्ये इंग्लंडमधला असाच खटला हाऊस ऑफ लॉर्ड्ससमोर, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयासमोर आला. मुख्य निकाल लॉर्ड कीथ यांचा, तेही स्कॉटिश. त्यांनी एम्स्ली यांचा उतारा उद्धृत केला आणि हे इंग्लंडलाही तितकंच लागू आहे म्हणून सांगितलं. सतराव्या शतकातले इंग्रज न्यायाधीश मॅथ्यू हेल यांच्या नावाने चालत आलेली नवऱ्यांची सूट तिथे संपली.

आपल्या 1860 च्या दंडसंहितेतली सूट त्याच विचारातून आली होती. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मध्येही, बायको 18 वर्षांखालील नसेल तर, ती तशीच ठेवलेली आहे.